क्वालालंपूरला रात्र काढायची आहे : हॉटेल की विमानतळावरच पथारी?

पन्हाळगडी | सोमवार, रात्री ९.१०
नमस्कार मंडळी. बहिणीकडे मेलबर्नला चाललोय. मी, बायको आणि सहा वर्षांचं कार्टं. सरळ एका तिकिटाचे दर बघून डोळे पांढरे झाले, म्हणून खटपट करून दोन वेगवेगळी तिकिटं काढली. मुंबई ते क्वालालंपूर एका कंपनीचं, तिथून पुढे दुसऱ्या, स्वस्तातल्या कंपनीचं. पहिलं विमान संध्याकाळी आठच्या सुमारास टर्मिनल १ला उतरतंय, दुसरं सकाळी साडेआठला टर्मिनल २वरून सुटतंय. मधे अख्खी रात्र.

घरात दोन पक्ष पडलेत. बायको म्हणते हॉटेल घे. माझं म्हणणं, अकराला खोलीत शिरायचं आणि पहाटे चारला उठायचं, तेवढ्यासाठी पैसे कशाला मोजायचे? मिरज स्टेशनवर वर्तमानपत्र अंथरून झोपलेली माणसं आपण, इथं तर एसी आहे. कुणी काढलीय का अशी रात्र? पोरासकट? सामान म्हणाल तर चेक-इनच्या दोन मोठ्या बॅगा आणि हातातलं. बहिणीसाठी फराळाचे डबे आहेतच.

नागपुरी_संत्रं | सोमवार, रात्री ९.१८
काहून एवढं डोकं लावून राहिले भाऊ? झोपा बिनधास्त. एक चादर, एक उशी, झालं. माणूस थकला की कुठंबी झोप लागते.

खिडकीवाला | सोमवार, रात्री ९.३४
झोपेचं नंतर बघू. आधी तिकिटांचं बघा.

दोन वेगळे पीएनआर म्हणजे मुंबईत टाकलेल्या बॅगा क्वालालंपूरलाच पट्ट्यावर येणार. इमिग्रेशन करून तुम्ही रीतसर मलेशियात शिरणार, बॅगा घेणार, टर्मिनल २ला जाणार आणि नव्याने चेक-इन करणार. ट्रान्झिटमध्ये आतल्या आत पडून राहण्याचा पर्याय तुम्हाला नाहीच. यूट्यूबवर लोक ज्या आडव्या आरामखुर्च्या दाखवतात, त्या बहुतेक ठिकाणी सुरक्षा तपासणीच्या आतल्या बाजूला असतात. बाहेरच्या बाजूला साध्या खुर्च्या, आणि त्याही हात असलेल्या, म्हणजे आडवं होता येऊ नये अशाच.

बरं झालं मलेशिया निवडलंत. भारतीय पासपोर्टवाल्यांना १ डिसेंबर २०२३पासून तिथे व्हिसा लागत नाही, ही सवलत ३१ डिसेंबर २०२६पर्यंत आहे. हाच उद्योग सिंगापूरमार्गे केला असता तर नुसत्या बॅगा घ्यायलासुद्धा व्हिसा लागला असता.

आणि पहिलं विमान लांबलं तर दुसरी कंपनी तुम्हाला ओळखणार नाही. तिच्या लेखी तुम्ही उशिरा आलेले प्रवासी. त्या दृष्टीने बारा तासांचं अंतर उत्तम आहे, ते कमी करायच्या भानगडीत पडू नका.

मोहाचं_पान | सोमवार, रात्री ९.५१
@खिडकीवाला, सिंगापूरबद्दल एक दुरुस्ती. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा काही देशांचा चालू व्हिसा असेल तर भारतीयांना तिथे ९६ तास व्हिसाशिवाय मिळतात. पुढचं पक्कं तिकीट लागतं, आणखीही अटी आहेत. यांच्याकडे ऑस्ट्रेलियाचा व्हिसा असणारच. पण आता तिकिटं निघालीत, तेव्हा हे पुढच्या वेळेसाठी.

सुमनताई | सोमवार, रात्री १०.०५
पन्हाळगडी, तुम्ही झोपाल हो. मूल झोपेल का? आणि मूल झोपलं तरी त्याची आई झोपेल का? एकाने बॅगा सांभाळायच्या, एकाने मुलाला शूला न्यायचं, तेही परक्या ठिकाणी रात्री दोन वाजता. दुसऱ्या दिवशी आठ तासांचं विमान आहे. तिकिटात वाचवलंत ना? त्यातलेच थोडे खोलीला घाला. माझं मत सूनबाईंच्या पारड्यात.

तिरकस_पेठकर | सोमवार, रात्री १०.२२
परदेशवारीला पैसे आहेत, खोलीला नाहीत. छान. विमानतळ हे विमानात बसण्यासाठी असतं असा आमचा आपला जुना समज होता. तिथे चादर पसरून, डबा उघडून, चटणीचा वास सोडून घोरणारे आपलेच लोक पाहिले की आम्ही इंग्रजीत बोलायला लागतो.

नागपुरी_संत्रं | सोमवार, रात्री १०.२५
पेठकर, तुमच्या इंग्रजीचा वास चटणीपेक्षा दूर जात असन :ड (हलके घ्या)

एकटी_फिरस्ती | सोमवार, रात्री ११.४०
पेठकरकाका, विमानतळावर झोपणं ही काही आपली खासियत नाही. ‘स्लीपिंग इन एअरपोर्ट्स’ नावाची एक साइट १९९६पासून चालू आहे. कुठल्या टर्मिनलला हात नसलेली बाकं आहेत, कुठे रात्री पंप लावून फरशी धुतात, कुठे पहाटे हाकलतात, हे सगळं जगभरचे लोक तिथे लिहितात. शिवाय विमानतळाचा यूडीएफ, म्हणजे विमानतळ वापरण्याचं शुल्क, आपल्या तिकिटातच कापलेला असतो. फुकट काही नाही, पैसे दिलेत आपण.

मी एकटी फिरते आणि पैसे बेतानेच असतात, त्यामुळे बऱ्याच रात्री अशा काढल्या आहेत. जागेजागेचा फरक फार.

सिंगापूरचं चांगी म्हणजे या बाबतीत पंढरपूर. टर्मिनल १, २, ३ला फुकट स्नूझ लाउंज, म्हणजे डुलकी काढायच्या जागा आहेत, टर्मिनल ३ला फुकट सिनेमागृह आहे, फुलपाखरांची बाग आहे. नळाचं पाणी प्यायलं तरी चालतं. फक्त तो प्रसिद्ध ४० मीटरचा धबधबा ‘ज्यूएल’ नावाच्या मॉलमध्ये आहे आणि ज्यूएल इमिग्रेशनच्या बाहेर. आतून नुसताच दिसावा म्हणून धडपडणारे लोक पाहिलेत मी. आणि टर्मिनल ४ बाकीच्यांपासून तुटलेलं आहे, तिथे बसने जावं लागतं. स्वस्तातल्या काही कंपन्या नेमक्या तिथूनच सुटतात.

दोहा : शांत खोल्या आहेत, बायकांच्या वेगळ्या, पुरुषांच्या वेगळ्या. पडायला आरामखुर्च्या. मला एकटीला सगळ्यात निवांत वाटलेली जागा ती. अडचण एवढीच की त्या विमानतळाची खरी गर्दी मध्यरात्रीनंतर सुरू होते, त्यामुळे उशिरा गेलं की जागा नाही. मग तिथल्या अवाढव्य पिवळ्या अस्वलाच्या पुतळ्याच्या आसपास, भरउजेडात.

बँकॉक सुवर्णभूमी : झोपायला ठीकठाक, पण खायला राजेशाही. तळमजल्यावर मॅजिक फूड पॉइंट नावाचं जेवणघर आहे, कूपन घ्यायचं आणि गावातल्या भावात जेवायचं. विमानतळावरचे कर्मचारी तिथेच जेवतात, यातच सगळं आलं. बँकॉकला दोन विमानतळ आहेत हे मात्र तिकीट काढताना बघा. सुवर्णभूमी वेगळं, डॉन म्युआंग वेगळं. पुढचं तिकीट दाखवलं की दोन्हींमध्ये फुकट बस मिळते.

एकटीने झोपताना माझे नियम : रिकाम्या कोपऱ्यात कधीच नाही. जिथे एखादं कुटुंब लहान मुलांसकट पसरलंय, त्यांच्या शेजारी. बॅगेचा पट्टा पायात अडकवलेला. पासपोर्ट अंगावर, बॅगेत नाही. आणि प्रार्थनेच्या खोलीत झोपायचं नाही. शांत असते, गालिचा असतो, मोह होतो, पण ती त्यासाठी नसते.

सुमनताई | मंगळवार, सकाळी ६.५०
फिरस्ती, तुझं कौतुक वाटतं बाळा. पण तू एकटी आहेस, पाठीवर एक पिशवी. यांच्याकडे दोन मोठ्या बॅगा आणि पोर आहे.

पन्हाळगडी | मंगळवार, सकाळी ८.१५
सुमनताई, सूनबाईंना वाचून दाखवलं. घरात तुमचा फोटो लावायचं चाललंय.
बाकीच्यांनी केएलचं सांगा की राव. सिंगापूरची फुलपाखरं बघून मी काय करू?

सेलांगोरकर | मंगळवार, सकाळी ११.०२
केएलजवळ राहतो, कामानिमित्त त्या विमानतळावर पडीक असतो. मी सांगतो.

टर्मिनल १ आणि टर्मिनल २ एकमेकांना चिकटून नाहीत. केएलआयए म्हणजे क्वालालंपूरचा हाच विमानतळ; जुन्या लेखांत टर्मिनल २चं नाव केएलआयए२ असं सापडेल, तेच हे. चालत जाता येत नाही. मध्ये केएलआयएची ट्रेन आहे, तीन मिनिटांचा प्रवास, दोन रिंगिट. ही ट्रेन मध्यरात्रीनंतर काही तास बंद असते. तुम्ही आठला उतरताय, इमिग्रेशनची रांग धरून दहापर्यंत मोकळे व्हाल, म्हणजे अडचण नाही. पण कृपा करून रात्र टर्मिनल १ला काढून ‘पहाटे जाऊ की’ असं करू नका. रात्रीच टर्मिनल २ गाठा. सकाळी डोळे चोळत उठलं की काउंटर जवळच, असं असलं पाहिजे.

टर्मिनल २ला एक मोठा मॉल चिकटलेला आहे. तिथे रात्रीही काही ना काही उघडं असतं. रोटी चनाय आणि तेह तारिक (तिथला दुधाचा चहा) मिळालं की आपल्या माणसाचं भागतं. मुलाला रोटी नक्की आवडेल, परोठ्याच्या जवळची आहे.

झोपायचं म्हणाल तर तीन पर्याय. एक, प्रस्थानाच्या मजल्यावर बाकं किंवा फरशी. लोक झोपतात, कुणी उठवत नाही, पण दिवे चालू आणि एसी असा की क्वालालंपूरच्या उकाड्यातून आलेला माणूस कुडकुडतो. दोन, मॉलच्या खालच्या मजल्यावर कॅप्सूल ट्रान्झिट, म्हणजे झोपण्यापुरत्या कप्प्यांचं हॉटेल. जहाजाच्या कंटेनरच्या कल्पनेवर बेतलेलं आहे, तासांच्या हिशोबाने मिळतं, ३, ६, १२ तास असं. लहान मुलाला घेतात का, कुठल्या प्रकारच्या कप्प्यात घेतात, हे आरक्षण करण्याआधी विचारा. तीन, ट्यून हॉटेल. टर्मिनल २पासून छत असलेल्या वाटेने चालत जाता येतं. खोली छोटी, पण दार लावता येतं. तिघांना खाट पुरेल का, तेही विचारून घ्या.

शहरात जायचा विचार असेल तर सोडून द्या. एक्सप्रेस ट्रेन अर्ध्या तासात नेते खरी, पण एका बाजूचे ५५ रिंगिट मोठ्या माणसाला. ट्विन टॉवर परतीच्या वेळी बघा.

पन्हाळगडी | मंगळवार, सकाळी ११.३०
हे पाहिजे होतं बघा. लई उपकार. बॅगा रात्रीच दुसऱ्या कंपनीकडे टाकता येतील का?

सेलांगोरकर | मंगळवार, सकाळी ११.४१
साडेआठच्या विमानाच्या बॅगा रात्री दहाला कोण घेणार? काउंटर विमानाच्या काही तास आधी उघडतो. तोवर बॅगा तुमच्याच गळ्यात. पैसे भरून सामान ठेवण्याची सोय आहे, पण ते पैसे आणि कॅप्सूलचे पैसे एकत्र करून बघा, मग ठरवा.

खिडकीवाला | मंगळवार, दुपारी १२.२०
सगळं इथेच येतं. बॅगा पुढे गेल्या असतील आणि तुम्ही आतल्या बाजूला असाल तर विमानतळावर झोपणं सोपं आहे. बॅगा तुमच्याजवळ असतील तर ती झोप नव्हे, पहारा आहे. फिरस्ती यांचे अनुभव पहिल्या प्रकारचे आहेत, पन्हाळगडींची रात्र दुसऱ्या प्रकारची. दोघांनाही एकच सल्ला कसा लागू पडेल?

एकटी_फिरस्ती | मंगळवार, दुपारी १२.५५
मान्य. बॅगा असत्या तर मीही कॅप्सूल घेतलं असतं.

वसईची_केळी | मंगळवार, दुपारी २.१०
आपल्याकडे तर ही चैनही नाही. इथे तिकीट आणि ओळखपत्र दाखवल्याशिवाय सीआयएसएफवाले दारातून आत सोडत नाहीत, आणि फार आधी गेलात तर ‘नंतर या’ म्हणतात. माझ्या सासरचे लोक सांगलीहून रात्रीच्या बसने येतात, बस पहाटे पोचते, विमान संध्याकाळचं. सोडायला आलेली निम्मी गल्ली बाहेर उभी. आत शिरता येत नाही, बाहेर बसायला धड जागा नाही. मुंबईचं टर्मिनल २ आतून बघण्यासारखं आहे, ती कलाकृतींची भिंत काय, छत काय. पण ते सगळं तिकिटाच्या आत.

आणि टर्मिनल १ ते टर्मिनल २ म्हणजे सांताक्रूझ ते सहार. परगावचे लोक एकच विमानतळ समजून दीड तासाचं जोडविमान घेतात. हल्ली भुयारी मेट्रोची दोन्हीकडे स्टेशनं झालीत त्यामुळे दिवसा सुखाचं झालंय. रात्री रिक्षा नाहीतर टॅक्सी. त्यात आता नवी मुंबईचा विमानतळ आला. यापुढे तिकिटावरचं विमानतळाचं नाव दोनदा वाचायचं.

कोकणकडा | मंगळवार, दुपारी २.३०
गोव्यातही तेच. दाभोळी वेगळं, मोपा वेगळं. एक वास्कोजवळ, दुसरं पेडण्यात. एका ठिकाणी उतरून दुसरीकडून उडणार असाल तर मधे जवळपास अख्खा गोवा आहे.

दिल्लीकर_देशपांडे | मंगळवार, दुपारी ३.१५
दिल्लीचं टर्मिनल ३ विसरलात. २०१०पासून तिथे गालिचा आहे. लोकांनी नावं ठेवली, कळकट दिसतो म्हणाले, पण पाठ टेकलेल्या माणसाला विचारा. फरशीच्या तुलनेत स्वर्ग. डिसेंबर-जानेवारीत धुक्याने विमानं अडकली की त्या गालिच्यावर अख्खा देश झोपलेला असतो.

रात्रपाळी | मंगळवार, दुपारी ४.०२
धुक्यावरून आठवलं. मागे एका विमानतळावर रात्रीचं विमान लांबत लांबत पहाटेवर गेलं. कंपनीचा माणूस म्हणाला, बसा, बिस्किटं देतो. एक काका उठले आणि मोबाइलवर डीजीसीएचा, म्हणजे आपल्या विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम काढून मोठ्याने वाचायला लागले : रात्री ८ ते पहाटे ३च्या दरम्यान सुटायचं विमान ६ तासांहून जास्त लांबणार असेल, तर हॉटेलची सोय कंपनीने करायची. दहा मिनिटांत काउंटरभोवती गर्दी, अर्ध्या तासात बस आली. काका शेवटपर्यंत फोन हातात धरूनच उभे. हॉटेलात पोचल्यावर लोकांनी त्यांना आधी खोली दिली.

तेव्हा विमान कंपनीमुळे रात्र काढावी लागत असेल तर पथारी पसरण्याआधी काउंटरवर जा. हवामानामुळे उशीर झाला तर नुकसानभरपाई मागता येत नाही, तो भाग वेगळा. युरोपीय संघातून सुटणाऱ्या विमानांना तर ईयू २६१ हा नियम आहे, रात्र काढायची वेळ आली तर राहणं-खाणं कंपनीकडे.

पण हे सगळं एकाच तिकिटावर. पन्हाळगडींसारखं स्वतः जुळवलेलं असेल तर रात्र आपली, खर्च आपला.

तिरकस_पेठकर | मंगळवार, सायं. ५.२०
म्हणजे सरतेशेवटी आम्ही म्हणत होतो तेच. खोली घ्या.

नागपुरी_संत्रं | मंगळवार, सायं. ५.२३
तुम्ही खोली घ्या कुठं म्हणाले? तुम्ही तर वासावर बोलून राहिले होते!

अनारसे_आजी | मंगळवार, सायं. ६.४५
वासावरून फराळाकडे येते. पन्हाळगडी, फराळात अनारसे आहेत का? तुम्ही दुबईमार्गे जात नाही हे चांगलं. यूएईमध्ये आणि सिंगापूरमध्ये खसखशीला बंदी आहे. आपल्याला अनारशावरची खसखस, त्यांच्या लेखी अमली पदार्थाचं बी. दुबईला लेकीकडे जाणाऱ्या बायकांना मी दरवर्षी सांगते, अनारसे न्यायचेच तर खसखशीविना करा. चव जाते, पण काय करणार?

ऑस्ट्रेलियात तर डब्यात जे काही खायचं आहे ते सगळं उतरतानाच्या कार्डावर लिहा. लिहिलंत आणि त्यांनी काढून घेतलं तर फक्त लाडू जातो. लपवलंत तर दंड. दुधाचे पदार्थ, म्हणजे पेढे-बर्फी, नेऊच नका.

पन्हाळगडी | मंगळवार, सायं. ७.००
आजी, अनारसे आहेत. आईने केलेत. आणि पेढे पण. आता आईला कोण सांगणार?

अनारसे_आजी | मंगळवार, सायं. ७.०४
माझं नाव सांगा.

मोहाचं_पान | मंगळवार, रात्री ८.१५
लाउंजबद्दल कुणी लिहिलं नाही. रुपे किंवा क्रेडिट कार्डावर देशातल्या विमानतळांवर लाउंज मिळतं, काही कार्डांवर दोन रुपये कापून. जेवण, सोफा, चार्जिंग. पण त्याचा रात्र काढायला उपयोग नाही. बहुतेक ठिकाणी दोन-तीन तासांची मर्यादा, आणि बऱ्याच बँकांनी आता मागच्या तिमाहीत अमुक खर्च केला असेल तरच अशी अट घातली आहे. मुलाचे वेगळे पैसे पडू शकतात.

कोकणकडा | मंगळवार, रात्री ८.४०
दोन रुपयांच्या लाउंजच्या रांगेत तासभर उभं राहिलेली माणसं पाहिलीत. तेवढ्या वेळात बाहेर दहा रुपयांचा चहा पिऊन झाला असता. हो, दहाचा मिळतो आता काही ठिकाणी. उडान यात्री कॅफे, डिसेंबर २०२४मध्ये कोलकात्याला सुरू झालं. चहा १०, सामोसा २०. सगळीकडे अजून नाही.

वसईची_केळी | मंगळवार, रात्री ९.०५
मुंबईत मधली रात्र काढायची असेल आणि विमानतळाजवळची हॉटेलं परवडत नसतील तर मुंबई सेंट्रल स्टेशनचं पॉड हॉटेल बघा. नोव्हेंबर २०२१मध्ये सुरू झालं तेव्हा १२ तासांचे ९९९ रुपये होते. सहारपासून लांब आहे, पण सकाळच्या गाडीने कुठे जायचं असेल तर सोयीचं. सांगलीवाल्यांना मी हेच सुचवते, ते ऐकत नाहीत, आमच्याकडेच येतात.

रात्रपाळी | मंगळवार, रात्री ९.३०
अवांतर : विमानतळावर राहण्याचा विक्रम एका इराणी माणसाचा असावा. मेहरान करीमी नासेरी. कागदपत्रांच्या घोळात पॅरिसच्या शार्ल द गोलच्या टर्मिनल १ला १९८८ साली अडकला तो २००६पर्यंत तिथेच. लाल बाकावर बसून डायरी लिहायचा. मध्यंतरी कागद मिळाले तरी लगेच हलला नाही. पुढे शहरात राहिला, आणि अखेरीस परत त्याच विमानतळावर आला. नोव्हेंबर २०२२मध्ये टर्मिनल २एफमध्ये वारला.

तिरकस_पेठकर | मंगळवार, रात्री ९.३८
अठरा वर्षं. आणि इथे एका रात्रीसाठी दोन दिवस धागा चाललाय.

इस्तंबूलवाट | मंगळवार, रात्री १०.१०
धागा हायजॅक करत नाही, पण एक विचारते. लेक इस्तंबूलमार्गे युरोपात जाणार आहे, मधे रात्रीचे नऊ तास. बाहेर पडता येईल का?

खिडकीवाला | मंगळवार, रात्री १०.२६
शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एक), अमेरिका, ब्रिटन किंवा आयर्लंडचा चालू व्हिसा असेल तर तुर्कस्तानचा ई-व्हिसा काढता येतो. तिच्याकडे शेंगेन असेलच. पण रात्री बाहेर पडून काय बघणार? विमानतळ शहरापासून बराच लांब आहे. आत राहू द्या. आतल्या बाजूला योटेल नावाचं हॉटेल आहे, तासांवर मिळतं.
लेकीला पुढे युरोपात आणखी एक विमान बदलायचं असेल तर एक बघा : शेंगेनच्या एका शहरातून शेंगेनच्याच दुसऱ्या शहरात जाताना पहिल्याच ठिकाणी इमिग्रेशन होतं. तिथे ‘मी नुसती ट्रान्झिटला आहे’ चालत नाही. अमेरिकेचं तर त्याहून कडक, तिथे ट्रान्झिट हा प्रकारच नाही. पहिल्या विमानतळावर इमिग्रेशन, बॅगा हातात घेऊन पुन्हा द्यायच्या, व्हिसा हवाच.

इस्तंबूलवाट | मंगळवार, रात्री १०.३०
योटेलच बघते. आभार.

पन्हाळगडीण | मंगळवार, रात्री ११.१५
नमस्कार. नवीन सदस्य आहे, आत्ताच खातं उघडलं. मी ‘बायको’.

दोन दिवस यांचा फोन वाचतेय. आता माझं ऐका. मिरज स्टेशनवर झोपले होते ते लग्नाआधी, मित्रांबरोबर, आणि तेव्हा यांच्याजवळ एक सॅक होती. आता दोन बॅगा आहेत, त्या बॅगांत सासूबाईंनी दिलेलं काय काय आहे ते यांना माहीतसुद्धा नाही. आणि आमचा मुलगा झोपेत चालत नाही पण सरकतो. बाकावरून तीनदा पडेल.

मी आज दुपारीच चालत जायच्या अंतरावरची खोली बुक केली, रद्द करता येणारी. मुलाचं विचारलं, चालतं म्हणाले. कोल्हापूर ते मुंबई बसने न जाता रेल्वेने जाणार आहोत, त्यात वाचलेले पैसे निम्म्याहून जास्त खोलीत गेले. पेढे सासूबाईंना मीच सांगितलं. आजींचं नाव घेतलं. ऐकलं त्यांनी, फक्त विचारलं आजी कोणत्या गावच्या.

अनारसे_आजी | मंगळवार, रात्री ११.२०
वाईच्या.

नागपुरी_संत्रं | मंगळवार, रात्री ११.२२
वहिनी जिंकल्या. भाऊ, तुम्ही आता शांत बसा.

एकटी_फिरस्ती | मंगळवार, रात्री ११.३५
वहिनी, अगदी योग्य. परतीच्या प्रवासात मात्र दुपारचं अंतर असेल तर दादांना एकदा बाकावर झोपू द्या, हौस राहायला नको. आणि दोन-तीन किरकोळ गोष्टी : तिघांनाही हातातल्या सामानात एकेक जाड कपडा. रिकामी बाटली न्या, तपासणीनंतर भरा. पॉवरबँक चेक-इनच्या बॅगेत टाकायची नाही, हातातच ठेवायची. हल्ली काही कंपन्या विमानात ती वापरूही देत नाहीत, तेव्हा फोन खोलीतच भरून घ्या.

पन्हाळगडी | बुधवार, सकाळी ७.४०
घरचा निकाल लागला, मान्य आहे. :)
सेलांगोरकर, एक शेवटचं. मलेशियाला व्हिसा नाही, पण काहीतरी ऑनलाइन कार्ड भरायचं असतं म्हणे? शोधलं तर एका साइटवर माणशी चाळीस डॉलर मागतात. तिघांचे एकशेवीस? त्यात तर खोली येती राव.

सेलांगोरकर | बुधवार, सकाळी ८.५५
तिथे पैसे भरू नका! मलेशिया डिजिटल अरायव्हल कार्ड, एमडॅक म्हणतात त्याला. इमिग्रेशन खात्याच्या सरकारी साइटवर फुकट आहे. पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं, त्याआधी भरता येत नाही. मुलाचंही वेगळं भरा. पासपोर्टवर आहे तसंच नाव, मधलं नाव गाळू नका. पैसे मागणारी साइट दिसली की बंद करा.

पन्हाळगडीण | बुधवार, सकाळी ९.०२
मीच भरते. यांच्याकडे नको.